बॅजरचा ब्रश : ऐकीव किती, खरं किती

पुतण्याने इंग्लंडहून येताना माझ्यासाठी दाढीचा ब्रश आणला, बॅजरच्या केसांचा. डबी उघडली तर आधी वास आला, भिजलेल्या घोंगडीसारखा. घरात लगेच तीन निदानं झाली: माल जुना आहे, केस कुजलेत, ब्रश नकली आहे. तिन्ही चुकीची होती. प्राण्याचे केस कितीही धुऊन-निवडून बांधले तरी नव्या ब्रशला थोडा वास राहतोच. कोमट पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाकून ब्रश तळहातावर हलकेच घोळवला, मग साबणाचा दाट फेस काढून तो तासभर केसांतच राहू दिला. चार-पाच दाढ्यांत वास गेला. पहिल्या आठवड्यात दहा-बारा केस गळले, त्यातही घाबरण्यासारखं काही नव्हतं. बांधताना बुडाच्या गोंदात नीट न रुतलेले केस सुरुवातीला निघून जातात. महिन्यानंतरही गळती थांबली नाही किंवा पुंजकाच हातात आला, तर मात्र बांधणीत दोष आहे असं समजावं.

‘ब्रश अर्धा तास भिजत घाला’ हा सल्ला मला दोघांनी दिला. तो खरा आहे, पण डुकराच्या केसांच्या ब्रशसाठी. तो केस राठ असतो, पाणी पिऊन मऊ होतो आणि वापराने त्याची टोकं फाटत जातात, म्हणून जुना झाला की जास्त सुखाचा वाटतो. बॅजरचा केस बुडाशी बारीक, वरच्या भागात जाड आणि टोकाला पुन्हा निमुळता असतो. टोकाचा मऊपणा त्याला जन्मतःच मिळालेला असतो. दाढीआधी मिनिटभर कोमट पाण्यात धरला की झालं. उकळतं पाणी मात्र नको. केसही बिघडतात आणि बुडाचा गोंदही सैल पडतो.

याच्याच जोडीला आणखी एक समज आहे: बॅजरचा केस आतून पोकळ असतो, म्हणून तो पाणी साठवतो. प्रत्यक्षात ब्रशमधलं बहुतेक पाणी केसांच्या आत नसतं, केसांच्या मधल्या फटींत असतं. समईच्या वातीत तेल धरून राहतं तसंच हे. केसाची जाडी बुडापासून टोकापर्यंत बदलत असल्यामुळे बुडाशी जागा सुटते आणि तिथे पाणी टिकतं. ब्रश गालावर फिरवताना ते पाणी थोडं थोडं साबणात उतरत राहतं आणि फेस सुकत नाही. माझ्या मते बॅजरच्या ब्रशचं खरं कौतुक एवढ्यासाठीच करावं.

कारण दाढी सोपी होते ती पाण्यामुळे. ब्रश खुंट उभे करतो आणि म्हणून पातं नीट चालतं, असं म्हणतात. खुंट थोडे हलतात, उचललेही जातात, पण खरं काम वेगळंच असतं. कोरडा खुंट चिवट असतो. दोन-तीन मिनिटं पाण्यात राहिला की तो फुगतो, मऊ पडतो आणि खूप कमी जोराने कापला जातो. साबण चेहऱ्यावरचं तेल काढतो, त्यामुळे पाणी लवकर आत शिरतं. आमच्या गल्लीतले सलूनवाले काका पाणी मारून गाल किती वेळ चोळत बसतात, ते आठवा. आंघोळीनंतर दाढी केली तर निम्मं काम आधीच झालेलं असतं. घाईघाईत तोंड ओलं करून लगेच वस्तरा लावणाऱ्याला कितीही महागाचा ब्रश वाचवू शकत नाही.

आता प्रतवारी. डब्यांवर प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप असे शब्द असतात. हे जगभर ठरलेले दर्जे असावेत, असं मीही समजत होतो. तसं काही प्रमाण नाही. प्रत्येक कारखाना आपापल्या हिशेबाने शब्द लावतो. त्यात ‘प्युअर’ ही सहसा सगळ्यांत खालची, राठ केसांची प्रत. पांढरं टोक म्हणजे सिल्व्हरटिप, हेही डोळे झाकून मानू नये, कारण टोकं रसायनाने पांढरी केलेला मालही विकला जातो. त्यापेक्षा मापं पाहावीत. माझ्या ब्रशच्या झुपक्याचा व्यास बुडाशी २४ मिलिमीटर आहे आणि दांड्यावर केस ५० मिलिमीटर उंच आहेत. तोच झुपका दांड्यात आणखी खोल बसवला असता तर ब्रश जास्त ताठ वाटला असता. केस दाट की विरळ, हेही बघावं. नावापेक्षा या तीन गोष्टी चेहऱ्याला जास्त जाणवतात.

फेस होत नाही म्हणून ब्रशला नावं ठेवण्याआधी नळाचं पाणी तपासा. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतात. फेस बसतो, केसांवर पांढरट थर चढतो आणि ब्रश राठ लागतो. मी आठवडाभर ब्रशला दोष दिला. शेवटी फिल्टरचं पाणी वापरलं आणि त्याच ब्रशने, त्याच साबणाने सायीसारखा फेस आला.

ब्रश उलटा टांगलाच पाहिजे, नाहीतर बुडाशी कुजतो, हेही खरं नाही. फटींतलं पाणी नुसतं खाली डोकं केल्याने गळत नाही. जोरात झटकून, टॉवेलवर पुसून, वाऱ्यावर उभा ठेवला तरी चालतो. ओला ब्रश डबीत बंद करणं मात्र वाईट. कोकणातल्या पावसाळ्यात तर बुरशी धरायला वेळ लागत नाही. कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिला तर लोकरीला लागते तशी कसरही लागते.

‘जनावराच्या केसांच्या ब्रशने रोग होतो’ या भीतीमागे मात्र खरा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात स्वस्तातले घोड्याचे केस बॅजरसारखे दिसतील असे करून दाढीच्या ब्रशमध्ये वापरले गेले. नीट निर्जंतुक न केलेल्या त्या केसांतून अँथ्रॅक्स सैनिकांपर्यंत आणि सामान्य माणसांपर्यंत पोहोचला, माणसं दगावली. १९२० मध्ये ब्रिटनने जपानी ब्रशच्या आयातीवर बंदी घातली. आज केस निर्जंतुक करूनच बांधले जातात. कुठून आला हे माहीत नसलेला त्या काळातला जुना ब्रश मात्र हौसेने चेहऱ्याला लावू नये.

सगळ्यांत मोठा गैरसमज शेवटी आला. मेंढीची लोकर कातरतात तसे बॅजरचे केस कातरत असतील, असं मी खुशाल धरून चाललो होतो. तसं नाही. केस कातड्यावरून येतात, म्हणजे प्राणी मारलेला असतो. बाजारातला बहुतेक माल चीनमधून येतो. ब्रिटनमध्ये बॅजरला १९९२ च्या कायद्याने संरक्षण आहे, तरी तिथे परदेशी केसांचे ब्रश विकले जातात. २०१८ मध्ये पेटा एशियाने चीनमधल्या बॅजरपालन केंद्रांची चित्रणं जाहीर केली. अरुंद पिंजऱ्यांत येरझाऱ्या घालणारे प्राणी त्यांत दिसतात. हा बॅजर म्हणजे आपल्याकडचा रॅटल (हनी बॅजर) नव्हे, पण प्रश्न आपल्याला अनोळखी नाही. चित्रकारांचे मुंगसाच्या केसांचे ब्रश आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने बेकायदा आहेत, आणि तरी त्या केसांसाठी मुंगसं मारली जातात.

कृत्रिम धाग्याचा ब्रश म्हणजे टोचणारं नायलॉन, हा समज जुन्या ब्रशांमुळे झाला. आताचे धागे बारीक, निमुळत्या टोकांचे असतात. ते पाणी कमी धरतात, म्हणून फेस करताना दोनदा थेंब टाकावे लागतात, पण वाळतात लवकर. पुतण्याचा ब्रश मी वापरतो आहे. आणलेली वस्तू टाकून देऊन कुठला प्राणी परत येणार नाही. मुलाला दाढी फुटली तेव्हा मात्र कृत्रिम धाग्याचा घेतला. त्याचा ब्रश दुपारपर्यंत कोरडा असतो. माझा दुसऱ्या दिवशी सकाळीही बुडाशी दमट लागतो.