धान रात्र मोजतं: एक दिवा आणि चार बादल्यांचा प्रयोग

आजचा विषय कुंडीतल्या झाडाचा आणि त्यावर सोडलेल्या उजेडाचा. उदाहरण घेणार आहोत चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानाचं. कारण या भागातल्या शेतकऱ्याला एक गोष्ट नेहमी दिसते: रस्त्याच्या दिव्याखालचं धान हिरवंगार राहतं, पण वेळेवर निसवत नाही. दहा पावलांवरच्या धानाला लोंब्या येतात, आणि दिव्याखालचा गोल तसाच उभा. खत तेच, पाणी तेच. मग बिघडलं कुठे?

त्याआधी एक खुलासा. कुंडी आणि दिवा असं इंटरनेटवर शोधलं, तर पुष्कळशी माहिती गांजाच्या झाडाची निघते. तेही रात्र मोजणारं झाड आहे. पण आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम 20 प्रमाणे परवान्याशिवाय त्याची लागवड हा गुन्हा आहे, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. घरातली एक कुंडीही त्यातून सुटत नाही. शास्त्र तेच आहे. ते आपण धानावर शिकू.

झाडाला उजेड दोन कामांसाठी लागतो

पहिलं काम अन्न तयार करण्याचं. त्याला भरपूर उजेड लागतो. भर दुपारचं ऊन सुमारे एक लाख लक्स असतं. ट्यूबलाइटच्या खोलीत जेमतेम दोन-तीनशे. आपले डोळे जुळवून घेतात, म्हणून खोली आपल्याला उजळ वाटते. झाड मात्र तिथे उपाशी राहतं.

दुसरं काम काळ ओळखण्याचं. त्याला अगदी थोडा उजेड पुरतो. अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड या दोघांनी 1920 साली हे जगासमोर मांडलं. त्यांच्याकडे तंबाखूची एक जात होती, मेरीलँड मॅमथ. उन्हाळ्यात ती उंचच उंच वाढायची, पण फुलत नव्हती. त्यांनी झाडं दुपारनंतर अंधाऱ्या खोपटात ठेवली आणि सकाळी बाहेर काढली. दिवस असा लहान करताच तंबाखू फुलली. पुढे 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवलं की अशी झाडं खरं तर दिवस मोजत नाहीत, सलग अंधार मोजतात. लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ उजेड पाडला, की रात्र तुटते आणि फूल येत नाही. पानातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य हे काम करतं. तांबड्या उजेडाने त्याचं रूप बदलतं, अंधारात ते हळूहळू परत फिरतं. शेवंतीवाले रात्री बल्ब लावून फुलं लांबवतात, ते याच आधारावर.

धानाचं कॅलेंडर

चंद्रपूरला जूनमध्ये सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, डिसेंबरमध्ये सर्वांत लहान अकरा तासांचा. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दिवस तासाभराने लहान होतो. जुन्या, उंच, भारी धानाला तेवढी खूण पुरते. रोवणी पंधरा दिवस लांबली, तरी असं धान साधारण ठरलेल्या सुमारासच निसवतं. वाढीचे दिवस तेवढे कमी मिळतात. याउलट 1966 मध्ये आलेलं आयआर-8 आणि त्यानंतरची बरीच वाणं रात्रीकडे फारसं बघत नाहीत. त्यांचा हिशेब पेरणीपासूनच्या दिवसांचा.

म्हणून पाऊस लांबला की कोणतं बी काढायचं, हा प्रश्न खरा आहे. आपल्या घरचं बी कोणत्या प्रकारचं, हे कणगीकडे बघून कळत नाही. बादलीत लावून मात्र कळतं.

चार बादल्या

रंगाच्या पंधरा-वीस लिटरच्या चार बादल्या घ्या. एरवी कुंडीला खाली भोक पाडतो, कारण मुळांना हवा लागते. इथे भोक पाडू नका. धानाच्या खोडात हवेच्या नळ्या असतात, त्यातून हवा मुळांपर्यंत जाते. म्हणून ते उभ्या पाण्यात जगतं. बांधीची माती भरा, वर चार बोटं जागा सोडा, दोन-तीन दिवस भिजवून चिखल करा. बादली काळी असेल तर बाहेरून पोतं गुंडाळा, नाहीतर उन्हात मुळं भाजतात.

जूनअखेर पऱ्हे टाका. एक जुनं भारी धान, एक हलकं. तीन आठवड्यांनी प्रत्येकाच्या दोन बादल्या करा, बादलीत दोन-दोन रोपं लावा. पाणी दोन-तीन बोटं उभं ठेवा. पण आठवड्यातून एक दिवस ते पूर्ण आटू द्या, नुसता चिखल राहू द्या. गडचिरोली हा मलेरियाचा जिल्हा आहे. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, मधेच पाणी तोडलं की ती साखळी तुटते.

दिवसा चारही बादल्या उन्हात. ऑगस्ट लागला की प्रत्येक धानाची एक बादली अंगणात ठेवा आणि तिच्यावर सहा-सात फुटांवर नऊ वॉटचा पिवळसर एलईडी बल्ब टांगा. अंधार पडल्यापासून रात्री दहापर्यंत रोज लावा. साठ दिवसांची वीज जेमतेम दोन युनिट. उरलेल्या दोन बादल्या घरामागे, खऱ्या अंधारात. खिडकीचा उजेडसुद्धा तिथे पोचता कामा नये.

पोटरी कधी आली, पहिली लोंब कधी दिसली, तारखा लिहा. दिव्याखालचं आणि अंधारातलं धान एकाच सुमारास निसवलं, तर ते वाण रात्र मोजत नाही. दिव्याखालचं मागे पडलं, तर मोजतं.

आलेले प्रश्न

*पुनवेच्या चांदण्याने असं होतं का?* नाही. पुनवेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं. रस्त्याच्या दिव्याखाली दहा-वीस लक्स सहज मिळतात. तेवढ्याने धान फसतं.

*पूर्ण धान खोलीतच पिकवता येईल का?* येईल, पण महाग पडेल. दोन फूट बाय दोन फूट जागेला चांगला शंभर वॉटचा एलईडी अकरा तास लावला, तर रोज 1.1 युनिट, शंभर दिवसांत 110. संशोधन केंद्रांना ते परवडतं, कारण त्यांना वर्षात अनेक पिढ्या हव्या असतात. आपल्याला ऊन फुकट आहे. दिवा फक्त रात्र तोडायला वापरा.

*गावात नवीन दिवे येताहेत, ते नकोत म्हणायचे का?* मुळीच नाही. साप, वाघ, रात्रीची वाट, सगळ्यांसाठी दिवे हवेत. दिव्याला बांधीच्या बाजूने पत्र्याची आड लावून मागा, उजेड रस्त्यावर पडेल. आणि दिव्याजवळच्या बांधीत रात्र न मोजणारं वाण लावा.

शेवटी एवढंच. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी 1983 साली पटेल-3 धानाच्या बांधीत वेगळ्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बी निराळं ठेवलं, वर्षानुवर्षं पेरून पाहिलं. त्यातून एचएमटी धान उभं राहिलं. त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती. वेगळं दिसलेलं वेगळं ठेवायची शिस्त होती. तुमच्या चार बादल्यांवरही चिठ्ठ्या लावा: वाणाचं नाव, पेरणीची तारीख, दिवा की अंधार. चिठ्ठीशिवाय ते नुसतं बादलीतलं धान राहील.