पाण्याच्या भरवशावरचा कोट

नांदेड जिल्ह्यातील लोह्याहून सुमारे पंधरा किलोमीटरवर, मन्याड नदीच्या खोऱ्यात वसलेल्या कंधार या तालुक्याच्या गावाला लागून, घरे, बाजार आणि वर्दळीचे रस्ते यांच्या शेजारीच मराठवाड्यातील एक प्रचंड भुईकोट उभा आहे. भुईकोट म्हणजे डोंगराचा आधार न घेता सपाट जमिनीवर बांधलेला किल्ला. सह्याद्रीतील गडांवर वाढलेल्या मराठी मनाला असा किल्ला प्रथमदर्शनी काहीसा फिका वाटतो, कारण येथे छातीवर येणारी चढण नाही, खाली दिसणारी दरी नाही आणि माथ्यावर पोहोचल्याचे समाधानही नाही. हा अपेक्षाभंग पाहणाऱ्याच्या सवयीतून येतो. गिरिदुर्गाला उंचीचे जे संरक्षण निसर्गतः मिळते, ते भुईकोटाला पाणी, माती आणि दगड यांतून माणसाने घडवावे लागते. त्यामुळे असा किल्ला पाहायचा तो माथ्यावरून नव्हे, तर खंदकाच्या काठावरून.

कंधारची कीर्ती किल्ल्याच्या आजच्या रूपाहून पुष्कळ जुनी आहे. दहाव्या शतकात मान्यखेटच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेडच्या, राष्ट्रकूट घराण्यातील तिसरा कृष्ण (कारकीर्द 939 ते 967) याच्या काळात हे मोठे नगर होते, आणि किल्ल्याचे मूळही परंपरेने त्याच राजाशी जोडले जाते. त्याच्या काळातील संस्कृत शिलालेख कंधार येथे सापडला असून त्यात नगरातील देवळांची व देणग्यांची माहिती येते, तसेच ‘जगत्तुंगसमुद्र’ नावाच्या जलाशयाचा उल्लेखही येतो. जगत्तुंग हे या राजघराण्यातील एक बिरुद. गावाजवळचा तलाव आजही जगतुंग सागर याच नावाने ओळखला जातो. हजार वर्षांत राजवटी बदलल्या, देवळे पडली, भाषा पालटल्या, पण तळ्याचे नाव मात्र टिकले. ज्या मुलखात पाण्याची वाट पाहण्यात पिढ्या गेल्या, तेथे यात नवल वाटण्याजोगे काही नाही.

त्या नगराच्या वैभवाचा सर्वांत चकित करणारा पुरावा म्हणजे क्षेत्रपालाच्या, अर्थात नगररक्षक देवतेच्या, भव्य मूर्तीचे अवशेष. पूर्ण मूर्ती उरलेली नाही. परंतु पावलांचे जे प्रचंड तुकडे मिळाले, त्यांच्याजवळ उभे राहिले की अखंड मूर्ती केवढी असेल याचा अंदाज बांधताना नजर आपोआप वर जाते.

किल्ल्याचे आजचे रूप मुख्यतः सुलतानी काळातील आहे. बहमनी व त्यानंतरच्या दख्खनी सत्तांनी, विशेषतः अहमदनगरच्या निजामशाहीने, तोफांच्या युगाला साजेल असा तो वाढवला आणि मजबूत केला. बाहेरून आत येताना संरक्षणाचे थर एकामागून एक लागतात. प्रथम रुंद, पाण्याने भरलेला खंदक, त्यानंतर बाहेरचा कमी उंचीचा तट, ज्याला परकोट म्हणतात, आणि त्याच्या मागे मुख्य तट. तटाला ठिकठिकाणी पुढे आलेले गोल बुरूज असून, भिंतीच्या पायथ्याशी पोहोचलेल्या शत्रूवर दोन्ही बाजूंनी मारा करता यावा हा त्यांचा उद्देश. तटाच्या माथ्यावर पाकळीसारख्या चर्या, बंदुकीच्या नळीपुरत्या जंग्या म्हणजे तिरप्या फटी, आणि पहारेकऱ्यांना फिरण्यासाठी फांजी ही रुंद वाट. प्रवेशाचा मार्ग सरळ नाही. दरवाजापर्यंत येताना तो वळणे घेतो, जेणेकरून दार फोडण्यासाठी हत्तीला धाव घेण्याइतकी मोकळी जागा मिळू नये. दरवाजांच्या आत पहाऱ्याच्या देवड्या आहेत. आतील दरबार महाल, राणी महाल, लाल महाल, शीश महाल ही नावे भारदस्त असली तरी वास्तू बऱ्याच ढासळल्या आहेत, आणि खरे सांगायचे तर हा किल्ला महालांसाठी पाहण्याचा नव्हेच.

खंदक केवळ शत्रूला दूर ठेवण्यासाठी असतो, हा समज अपुरा आहे. तोफेपेक्षाही किल्लेदाराला धास्ती असे ती सुरुंगाची. हल्लेखोर तटाखालपर्यंत भुयार खणीत, त्यात दारू ठासून तिला बत्ती देत, आणि तट खालून उडवीत. भोवती खोल पाणी असेल तर भुयारात पाणी शिरते, दारू भिजते आणि खणणारे बुडतात. गिरिदुर्गाला कातळ जे संरक्षण देतो, ते भुईकोटाला पाणी देते.

हे संरक्षण अपुरे पडल्याची नोंद 1631 मधील आहे. निजामशाही मोडण्याच्या मोहिमेत शाहजहानने पाठवलेल्या नासिरी खान या सरदाराने कंधारला वेढा घातला. चार महिन्यांहून अधिक काळ किल्ला झुंजला, विजापूरच्या फौजेने मदतीचा प्रयत्नही केला. अखेर सुरुंगांनी तटाला खिंडार पडले आणि मे महिन्यात किल्ला मोगलांच्या हाती गेला. महिना मे होता हे लक्षात घ्यावे, आणि वर्षही, कारण 1630 ते 1632 या काळात दख्खन व गुजरात भीषण दुष्काळात होरपळत होते. पावसाने पाठ फिरवलेल्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, खंदक किती भरलेला असेल याचा तर्क मराठवाड्यातील कोणीही शेतकरी करू शकेल. विजयाचे सारे श्रेय दुष्काळाला देणे हे नासिरी खानावर अन्याय करणारे होईल, परंतु पाण्याच्या भरवशावर उभ्या असलेल्या कोटाच्या पतनाचा विचार पाणी वगळून करता येत नाही.

या वेढ्याचे चित्रही उपलब्ध आहे. शाहजहानच्या ‘पादशाहनामा’ या सचित्र इतिहासासाठी पायाग या दरबारी चित्रकाराने ते काढले, आणि त्यात तटाशी होणारा सुरुंगाचा स्फोट, घोडेस्वार सरदार आणि रणात पडलेली प्रेते दिसतात. मोगल चित्रकलेत युद्धाची ही उघडीनागडी बाजू इतक्या स्पष्टपणे क्वचितच आली आहे. हे हस्तलिखित अवधच्या नवाबाकडून 1799 मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याला भेट गेले, आणि ते आता विंडसर येथील राजवाड्याच्या ग्रंथसंग्रहात आहे. चित्राखालील नाव वाचून ते अफगाणिस्तानातील कंदाहारचे समजण्याची चूक वारंवार होते, परंतु ते शहर मोगलांना 1638 मध्ये लढाईविना, तेथील इराणी सुभेदार अली मर्दान खान फितल्यामुळे मिळाले. सुरुंगांनी घेतलेला किल्ला तो आपल्या मन्याडकाठचाच.

पुढे खान दौरान या किताबाने ओळखल्या गेलेल्या याच नासिरी खानाने 1636 मध्ये उदगीर आणि औसा हे आजच्या लातूर जिल्ह्यातील दोन्ही भुईकोट घेतले, त्यामुळे हे तीन किल्ले एकाच दौऱ्यात, एकाच युद्धाचे टप्पे म्हणून पाहिले तर अधिक उमगतात. त्यानंतर कंधार मोगलांकडून हैदराबादच्या निजामाकडे आले आणि 17 सप्टेंबर 1948 पर्यंत त्याच राज्यात राहिले.

किल्ला पाहण्याचा योग्य हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमाराचा. पावसाळा चांगला झाला असल्यास त्या वेळी खंदक भरलेला असतो आणि तटाचे प्रयोजन वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आत शिरण्याची घाई न करता, जेथवर जाता येईल तेथवर आधी खंदकाच्या बाहेरून चालावे आणि मगच दरवाजाकडे वळावे. ज्यांना पाण्याचा धागा पुढेही पाहायचा असेल, त्यांच्यासाठी याच मन्याड नदीवरचे, लोहा तालुक्यातील लिंबोटीचे धरण वाटेवाकडे नाही.