विजेची गाडी कोणाला परवडते?

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 9 युनिट विजेइतकी ऊर्जा असते. पण इंजिन तिच्यातला पाव हिस्सा, फार तर थोडा अधिक, चाकांपर्यंत पोचवते. बाकीची उष्णता होऊन जाते. विजेची मोटर मिळालेल्या ऊर्जेपैकी जवळजवळ 90 टक्के कामाला लावते. गाडी स्वस्तात धावते ती यामुळे.

आता पैशांचं बघू. लहान गाडी एका युनिटला 6 किलोमीटर जाते असं धरू. चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते, तीही यात आली. घरची वीज 10 रुपये युनिट धरली, तर किलोमीटरला पावणेदोन रुपयांच्या आत खर्च. पेट्रोलला 7 रुपये. म्हणजे किलोमीटरमागे 5 रुपये वाचतात. गाडी 3 लाखांनी महाग पडली असेल, तर ते वसूल व्हायला 60,000 किलोमीटर लागतील. महिन्याला 1,000 किलोमीटर फिरणाऱ्याला पाच वर्षं, 300 फिरणाऱ्याला सोळा वर्षांहून जास्त! बॅटरीची हमी मात्र बहुधा 8 वर्षांचीच असते.

महावितरणच्या घरगुती बिलात 100, 300 आणि 500 युनिटांनंतर दर चढतो, हेही विसरू नका. गाडीचे दीडशे-पावणेदोनशे युनिट वरच्या टप्प्यात जातात. हिशेब त्याच दराने करा. आणि सोसायटीत स्वतःचं चार्जिंग नसेल, रोज बाहेरच्या फास्ट चार्जरवर 20 रुपये युनिटने वीज घ्यावी लागणार असेल, तर मी घाई करू नका असंच सांगेन.