चंद्रपूरची भट्टी, बाल्टिकचा बर्फ

उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीपार नेणाऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीचा बर्फाशी संबंध कुल्फीपुरताच, असं वाटतं? मग हे वाचा.

चिलखत फक्त कमरेला! बर्फाळ समुद्रात जाणाऱ्या मालवाहू जहाजाला नखशिखांत जाड पत्रा लावत नाहीत; वजन वाढून माल कमी मावेल. बर्फ घासतो जलरेषेजवळ. म्हणून तिथेच जाड प्लेटचा पट्टा, नाव ‘आइस बेल्ट’. आतल्या फ्रेम, म्हणजे जहाजाच्या बरगड्याही तिथे दाटीने बसवतात.

बर्फ किती, वर्ग कोणता? बाल्टिकसाठीच्या फिनलंड-स्वीडनच्या नियमांत चार मुख्य वर्ग आहेत. ‘वन-ए सुपर’ १ मीटर जाडीच्या बर्फासाठी. त्याखालचे अनुक्रमे ०.८, ०.६ आणि ०.४ मीटरसाठी. कडक हिवाळ्यात खालच्या वर्गाच्या जहाजाला बर्फफोड्या जहाजाची मदतही नाकारली जाते.

निसटा, नाहीतर चिरडले जा! ध्रुवीय संशोधक नान्सेनचं ‘फ्राम’ जहाज १८९२ मध्ये मुद्दाम गोलसर बुडाचं बांधलं होतं. बर्फाने दाबलं की ते वर उचललं जाई. दुसरा ध्रुवीय संशोधक शॅकल्टन याचं ‘एन्ड्युरन्स’ मात्र १९१५ मध्ये बर्फाने चिरडलं.

नुसत्या जाडीने भागत नाही. १६ जानेवारी १९४३. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या धक्क्याला बांधलेलं नवंकोरं ‘स्केनेक्टडी’ टँकर जहाज थंड हवेत, शांत पाण्यात काकडीसारखं कडाडून मोडलं. ना वादळ, ना टक्कर! जोडकामातले दोष होतेच, पण पोलादही गारठ्यात ठिसूळ झालं होतं.

खलनायक गंधक, नायक मँगनीज. गंधक लोखंडाशी संगनमत करून पोलाद कमजोर करतं. मँगनीज त्या गंधकाला आपल्याकडे ओढून घेतं, शिवाय पोलादाला थंडीतही चिवट ठेवतं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत ‘टायटॅनिक’च्या पोलादात मँगनीज गंधकाच्या जेमतेम ७ पट निघालं, तुलनेसाठी घेतलेल्या आधुनिक पोलादात १५ पट.

आता चंद्रपूर! हेच मँगनीज पोलादात घालण्याजोगं करण्याचं काम ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीचा चंद्रपूर फेरो अलॉय प्लांट करतो. विजेच्या भट्ट्यांत फेरो-मँगनीज आणि सिलिको-मँगनीज तयार होतं आणि सेलच्या पोलाद कारखान्यांकडे रवाना होतं. मँगनीजच्या खाणीही विदर्भातच, नागपूर-भंडारा पट्ट्यात. आणि लोखंड? ते गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात, सुरजागडच्या डोंगरात. थंडीला टक्कर देणाऱ्या पोलादाचा कच्चा माल असा सगळा आपल्या उन्हातला!

पोलादाची परीक्षा. खाच पाडलेला तुकडा गारठवतात आणि लंबकाच्या हातोड्याने एका फटक्यात तोडतात. तुटताना किती ऊर्जा गिळली, ते गुण. जहाजाच्या ‘डी’ दर्जाच्या पोलादाची परीक्षा उणे २० अंशांवर, ‘ई’ची उणे ४० वर, ‘एफ’ची थेट उणे ६० वर.

भाड्याचं जहाज किती दिवस? भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली, ती ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेच्या भाड्याच्या जहाजातून. स्वतःच्या ध्रुवीय संशोधन जहाजासाठी कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने जून २०२५ मध्ये नॉर्वेच्या काँग्सबर्ग कंपनीशी सामंजस्य करार केला. ते तरंगेल तेव्हा त्याच्या आइस बेल्टमधल्या पोलादाचा दर्जा जरूर विचारा. मँगनीज कुठलं, हेही!