रेसिंग ट्रॅकचा भार कोणी उचलावा?

कागल पंचतारांकित एमआयडीसी परिसरातील मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक खासगी आहे. नव्या, मोठ्या ट्रॅकला शासनाने पैसा द्यावा काय, हे ठरवताना नोएडाजवळील बुद्ध सर्किटचा हिशेब पाहावा. 5.125 किलोमीटरचा तो ट्रॅक जेपी समूहाने बांधला. जमीन यमुना एक्स्प्रेस वे प्राधिकरणाची. तेथे 2011 ते 2013 या काळात तीनच फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. करांचे वाद न्यायालयात गेले, समूह कर्जात बुडाला आणि 2020 मध्ये प्राधिकरणाने भूखंडवाटपच रद्द केले.

शर्यतीचे दिवस मोजके, देखभाल मात्र बारमाही. शिवाय एमआयडीसी जमीन संपादित करते ती कारखान्यांसाठी. सवलतीचा भूखंड हाही सार्वजनिक खर्चच. अंदाजपत्रकात तो दिसत नाही, इतकेच. उरलेले दिवस वाहनचाचणी व चालक-प्रशिक्षणासाठी ट्रॅक भाड्याने जाणार असेल, तरच शासनाने सहभागाचा विचार करावा; तोही भाडेकरार आधी हाती घेऊन.