बॅटरीला उपाशी ठेवू नका!
सकाळी ९ ला मुलाखत घ्यायची होती आणि गाडी नुसतीच ‘टकटक’! दोन महिने जागेवर उभी होती ना. रिक्षानं पोचले, तर पाहुणे एअरपोर्टला रवाना!

संध्याकाळी गॅरेजवाल्या काकांनी मीटर लावून माझा क्लासच घेतला. बॅटरीत सहा कप्पे, प्रत्येकी साधारण २ व्होल्ट. आत शिसं, शिशाचा ऑक्साइड आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिड. वीज देताना दोन्ही प्लेट्सवर लेड सल्फेट चढतं, अ‍ॅसिड पातळ होतं. चार्जिंगमध्ये सगळं उलट. पण बॅटरी उतरलेली तशीच पडून राहिली, तर सल्फेट कडक होतं, मग सुटता सुटत नाही. १८५९ मध्ये गास्ताँ प्लान्तेनं बनवलेल्या पहिल्या बॅटरीपासूनचं हेच गणित!

माझी मुलाखत गेली, बॅटरीही. तुम्ही मात्र आठवड्यातून एकदा गाडीला लांब फिरवून आणा. लाँग ड्राइव्हला कारण मिळालं की नाही?