पडद्यावरचा मास्तर कुठून येतो

मालगुंडला केशवसुतांचं घर पाहायला येणारी माणसं कवीचं घर पाहून परत जातात. ते घर तितकंच मास्तरांचंही होतं. वडील केशवपंत दामले शाळामास्तर. स्वतः केशवसुतांनी मुंबईत, खानदेशात आणि शेवटी धारवाडला मास्तरकी केली. धाकटे बंधू मोरो केशव प्राध्यापक झाले आणि १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा त्यांचा ग्रंथ आला. त्या काळी मास्तर कसा घडतो हे गावाला ठाऊक असे. अमुक परीक्षा, तमुक ट्रेनिंग, मग बदलीची गावं.

आज त्याच मालगुंडात एखादी मुलगी दिवसभराचं काम आटोपून मोबाइलवर केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन व्यासपीठावरचा अभ्यासक्रम उघडते, तेव्हा चौकटीत बोलणारा माणूस आधी काय करत होता हे तिला कळायला मार्ग नसतो. व्हिडिओखाली पदव्यांची एक ओळ असते: एम.एस्सी., सेट, पीएच.डी., पंधरा वर्षांचा अनुभव. ही ओळ बहुतेक जण वाचत नाहीत. ती वाचता यायला हवी, कारण समोरचा तास असा का बांधलाय याचं निम्मं उत्तर त्या ओळीत असतं.

सुरुवात दारापासून करू. प्राथमिक शाळेत शिकवायचं तर डी.एड. (आता डी.एल.एड.) आणि टीईटीसारखी पात्रता परीक्षा लागते, माध्यमिकला बी.एड. महाविद्यालयात मात्र शिकवण्याचं शिक्षण घेतलेलं असण्याची अट नाही. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि जोडीला नेट, सेट किंवा पीएच.डी. एवढं असलं की माणूस वर्गावर उभा राहू शकतो. नेटच्या पहिल्या पेपरात ‘अध्यापन अभियोग्यता’ नावाचा भाग असतो आणि २०१९पासून त्यात ऑनलाइन अध्यापन, ‘स्वयम्’, ‘मूक’ (मोठ्या संख्येसाठी खुले ऑनलाइन अभ्यासक्रम) यांचाही समावेश आहे. पण हे सगळं पर्यायांवर खूण करून सोडवायचं. म्हणजे विद्यापीठात ऑनलाइन शिकवणारा माणूस मुळात भौतिकशास्त्राचा, वाणिज्याचा किंवा मराठीचा असतो. ऑनलाइन शिकवणं तो नंतर शिकतो. कुठे शिकतो आणि कोणाकडून, यावरून या लोकांचे वेगवेगळे गोतावळे पडलेत.

सगळ्यात जुना गोतावळा मुक्त विद्यापीठांचा. जगातली या क्षेत्रातली मोठी नावं काढली तर शिक्षणशास्त्राची माणसं त्यांत कमीच सापडतात. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९६९ साली स्थापन झालं. त्याचे पहिले कुलगुरू वॉल्टर पेरी हे औषधशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि १९९०मध्ये कुलगुरू झालेले जॉन डॅनियल धातुशास्त्र शिकलेले. आपल्याकडे हैदराबादच्या मुक्त विद्यापीठाची आणि पुढे ‘इग्नू’ची घडी बसवणारे जी. राम रेड्डी राज्यशास्त्राचे. १९८९च्या जुलैत नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं, त्याचे पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले भौतिकशास्त्रज्ञ होते. पुराणिक या सहलेखकाबरोबर त्यांनी लिहिलेलं अभिजात यामिकीचं पाठ्यपुस्तक देशभर वापरलं गेलं. मुक्त विद्यापीठात येण्यापूर्वी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि नंतर ‘इग्नू’चेही झाले. अशी माणसं इथे का आली असावीत? मला वाटतं, वर्ग आणि फळा हे दोन्ही काढून घेतल्यावर शिक्षणाचं काय उरतं हा प्रश्न व्यवस्था म्हणून पाहावा लागतो. कोण लिहील, कोण तपासेल, पुस्तक वेळेवर कसं पोचेल, परीक्षा कुठे होईल, सगळं एकात एक अडकलेलं. प्रयोगशाळा उभी केलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटत असणार.

पण कुलगुरूंपेक्षा मला त्यांच्या हाताखालच्या एका पदाबद्दल जास्त सांगायचं आहे. मुक्त विद्यापीठाचं कुठलंही पाठ्यपुस्तक उघडा. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मग प्रास्ताविक, विषय-विवेचन, मध्ये मध्ये स्वयंअध्ययनाचे प्रश्न, शेवटी सारांश, पारिभाषिक शब्द, त्या प्रश्नांची उत्तरं, क्षेत्रीय कार्य. पहिल्या पानांवर लेखक आणि विषय-संपादक यांच्या जोडीला ‘अनुदेशन तंत्र संपादक’ असंही एक नाव दिसतं. या नावावर नजर थांबायला हवी. लेखक सहसा एखाद्या महाविद्यालयातला विषयाचा जाणकार. अनुदेशन तंत्र संपादकाचं काम वेगळं. हे वाचणाऱ्याच्या शेजारी शंका विचारायला कोणी नाही, हे लक्षात ठेवून तो प्रत्येक वाक्य वाचतो.

उदाहरणादाखल एक वाक्य घेऊ. आंब्याच्या मोहोराबद्दल लेखक लिहितो, ‘तुडतुड्यांचा प्रादुर्भाव आढळल्यास योग्य कीटकनाशकाची वेळीच फवारणी करावी.’ वर्गात हे वाक्य खपून जातं, कारण कोणीतरी हात वर करून विचारतं. एकट्या वाचकासाठी त्यात तीन खड्डे आहेत. प्रादुर्भाव झाला हे ओळखायचं कशावरून? योग्य म्हणजे कुठलं, किती पाण्यात किती? वेळीच म्हणजे मोहोर फुटण्याआधी, फुटताना की नंतर? संपादक मजकूर लेखकाकडे परत पाठवतो. लेखक वैतागतो, कारण त्याला ते उघड वाटत असतं. दोन-तीन फेऱ्यांनंतर त्या एका वाक्याची सात वाक्यं होतात, खाली एक प्रश्न येतो आणि घटकाच्या शेवटी त्याचं उत्तर. ऑनलाइन शिकवण्याचं सगळं मर्म या देवाणघेवाणीत आहे. मोबाइल, ॲप, स्टुडिओ हे सगळं पुढचं.

दुसरा गोतावळा अभियंत्यांचा. त्याचं महाराष्ट्रातलं मोठं ठिकाण पवईची आयआयटी. प्रा. दीपक फाटक संगणकशास्त्राचे. आधी दूरस्थ केंद्रांतून एकाच वेळी हजारो महाविद्यालयीन शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा उपक्रम त्यांनी चालवला, मग ‘आयआयटी बॉम्बे एक्स’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ उभं राहिलं. २०१३मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रा. कण्णन मौद्गल्य रासायनिक अभियंते, विषय नियंत्रणप्रणालीचा. ‘स्पोकन ट्युटोरियल’ त्यांचं. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे, साधारण दहा मिनिटांचे हे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत डब केलेले आहेत. निम्म्या पडद्यावर पाठ चालू ठेवायचा, उरलेल्या निम्म्यावर तेच आपण करून पाहायचं, अडलं की पाठ थांबवायचा.

या पाठांच्या घडणीत अभियंत्याचा हात स्पष्ट दिसतो. आधी आराखडा, मग संहिता. संहितेत दोन रकाने, एकात पडद्यावर काय दिसेल ते, दुसऱ्यात काय बोललं जाईल ते. मग नवख्याची तपासणी. विषय अजिबात न येणाऱ्या माणसाला संहिता देतात आणि त्याबरहुकूम करून बघायला सांगतात. तो जिथे अडेल तिथे चूक संहितेची. त्यानंतरच ध्वनिमुद्रण. कारखान्यातून माल बाहेर पडण्याआधी चाचणी घेणाऱ्या माणसाची ही सवय आहे, आणि मुक्त विद्यापीठाचा संपादक ज्या जागी बसतो त्याच जागी ती येऊन बसते. दोन वेगळ्या रस्त्यांनी आलेली माणसं एकाच गोष्टीपाशी पोचली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पवईलाच २०१० साली शैक्षणिक तंत्रज्ञानाचा आंतरविद्याशाखीय कार्यक्रम सुरू झाला आणि ऑनलाइन शिकवणं हाच संशोधनाचा विषय असलेली पीएच.डी. करता येऊ लागली. तिथल्या प्रा. सहाना मूर्ती यांची डॉक्टरेट भौतिकशास्त्रातली, प्रा. श्रीधर अय्यर संगणकशास्त्रातले. या मंडळींनी विद्यार्थीकेंद्री ‘मूक’ची एक पद्धत मांडली. तिच्या व्हिडिओत मध्येच एक थांबा येतो. शिक्षक प्रश्न विचारतो, व्हिडिओ थांबवून उत्तर लिहायला सांगतो आणि मगच पुढे जातो. पुढे गेल्यावर त्याने आधी संभाव्य चुकीच्या उत्तराचा परामर्श घेतलेला असतो. हा थांबा कुठे घालायचा हे कुठल्याही सॉफ्टवेअरला कळत नाही. वर्षानुवर्षं वर्गात मुलं नेमकी कुठे घसरतात हे पाहिलेल्या माणसालाच ते कळतं.

तिसरा गोतावळा बी.एड., एम.एड. करून आलेल्यांचा. शिक्षकांचे शिक्षक. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. तिथून बाहेर पडलेल्या विद्यार्थिनी विद्यापीठांत आणि कंपन्यांच्या प्रशिक्षण विभागांतही काम करतात. ‘इग्नू’मध्ये १९९३पासून दूरशिक्षणाच्या प्रशिक्षणासाठी ‘स्ट्राइड’ ही वेगळी संस्था आहे, दूरशिक्षण याच विषयातली पदव्युत्तर पदवीही तिथे घेता येते. या गटातल्या माणसांच्या अभ्यासक्रमात उद्दिष्टं, स्वाध्याय आणि मूल्यमापन एकमेकांना धरून असतात. विषयाची खोली मात्र कोणाबरोबर काम केलं त्यावर ठरते.

माध्यमांतून आलेल्यांबद्दल थोडक्यात. १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘देशव्यापी वर्ग’ सुरू झाला. त्याच्यासाठी कार्यक्रम करणाऱ्या केंद्रांपैकी एक पुणे विद्यापीठातलं. निर्माते, कॅमेरामन, संकलक यांची एक पिढी तिथे तयार झाली. ‘स्वयम्’चे कितीतरी व्हिडिओ आजही अशा केंद्रांत चित्रित होतात.

आणि मग २०२०चा मार्च, कोरोनाची टाळेबंदी. एका आठवड्यात राज्यातला प्रत्येक प्राध्यापक ऑनलाइन शिक्षक झाला. ज्यांनी आयुष्यभर खडू हातात धरला होता त्यांनी मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून तास घेतले. त्या काळात माणसांनी जीव तोडून काम केलं याबद्दल मला आदरच आहे. तरीही निकडीपोटी घेतलेला तास आणि ऑनलाइनसाठीच बांधलेला अभ्यासक्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परिचयात ‘२०२०पासून ऑनलाइन अध्यापनाचा अनुभव’ असं लिहिलेलं असेल तर त्यापुढे काय केलं ते शोधावं. आठवड्याच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र पुष्कळांकडे असतं. स्वतः अभ्यासक्रम रचला का, तो दुसऱ्यांदा चालवला का, चालवताना बदलला का, यावर खरी भिस्त ठेवावी.

या सगळ्या वाटांत मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो समंत्रकाचा, म्हणजे अभ्यासकेंद्रावर मार्गदर्शन करणाऱ्याचा, अनुभव, आणि परिचयाच्या ओळीत तो बहुतेक वेळा शेवटी, अर्ध्या वाक्यात येतो. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर सुटीच्या दिवशी संपर्क सत्र असतं. एसटीने दोन-दोन तास प्रवास करून माणसं येतात. लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बायका, नोकरीतल्या परिचारिका, गॅरेजवाले, पदवी राहून गेलेले पन्नाशीतले कारकून. पुस्तक वाचून आलेले थोडे, न वाचता आलेले जास्त. समंत्रकाला धडा पुन्हा शिकवायचा नसतो, तेवढा वेळच नसतो. कोण कुठे अडलंय ते दोन-तीन प्रश्नांत ओळखून तेवढीच गाठ सोडवायची असते. शिवाय शिकणाऱ्याकडे घरी किती वेळ आहे, वीज आणि रेंज कधी असते, इंग्रजी कुठला शब्द आला की पान मिटलं जातं, हे त्याला तिथे कळतं. अभ्यासक मायकल मूर यांनी दूरशिक्षणातलं अंतर मैलांत मोजू नये असं सांगितलं. संवाद किती, अभ्यासक्रमाची चौकट किती घट्ट आणि शिकणाऱ्याची स्वतःहून शिकण्याची तयारी किती, या तिन्हींवर ते ठरतं. अभ्यासकेंद्रावर काही वर्षं बसलेल्या समंत्रकाला हे तिन्ही अंगवळणी पडलेलं असतं.

तेव्हा मालगुंडच्या त्या मुलीने अभ्यासक्रम निवडताना काय बघावं? ‘स्वयम्’च्या रचनेत चार भाग असतात: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चामंच आणि स्वाध्याय. साधारणपणे स्वाध्यायांना ३० टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या अंतिम परीक्षेला ७० टक्के गुण. व्हिडिओवरून शिक्षकाचं विषयज्ञान कळतं, ते बहुधा चांगलंच असतं. वाचनसाहित्य उघडून बघावं. व्हिडिओतलंच बोलणं टंकून ठेवलंय की एकटीने वाचता येईल असं काही लिहिलंय? पहिल्या आठवड्याचा स्वाध्याय सोडवून पाहावा, आणि चुकलेल्या उत्तरापुढे नुसती फुली आहे की चूक का झाली ते सांगितलंय ते बघावं.

मग चर्चामंचावर खरीखुरी शंका विचारावी. मराठीतून विचारली तरी चालेल, उत्तर कुठल्या भाषेत येतं तेही कळेल. उत्तर शिक्षक स्वतः देतात की साहाय्यक, हा प्रश्न दुय्यम. उत्तर देणाऱ्याने आधी उलट विचारलं का, की तू कुठपर्यंत आलीस आणि तुला काय वाटतं? असं विचारणारा माणूस मुळात रसायनाचा असो, मराठीचा असो की धातुशास्त्राचा, त्याच्याकडे नाव नोंदवायला हरकत नाही. ‘स्वयम्’वर नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत, फी भरायची ती परीक्षेची. म्हणून पहिले दोन आठवडे दोन अभ्यासक्रम शेजारी शेजारी चालवून पाहावेत आणि मग एक ठेवावा.